पंगतीतून उठण्याचे कारण

रामदासपेठ, नागपूर
सोमवार, २२ सप्टेंबर १९७५

श्री. कृष्णकांत यांस,

१. शनिवारी, १३ तारखेला, तुमच्या कामठीच्या घरी महालक्ष्म्यांचे जेवण होते. तुमच्या आई यमुताई यांनी मला कुमारिका म्हणून आणि माझ्या सिंधूमावशीला सवाष्ण म्हणून बोलावले होते. आपल्या दोघांच्या दोन भेटी आधी झाल्या होत्या. घरच्यांसाठी मुलगी पाहण्याचा वेगळा कार्यक्रम नको, प्रसादाच्या निमित्ताने दिसेल, असे दोन्हीकडून ठरले होते.

२. त्याआधी गुरुवारी मला गुदद्वाराच्या कडेला, बाहेरच्या बाजूने, एक गाठ आली. वाटाण्याएवढी, टणक, हात लावता येऊ नये इतकी दुखरी. शुक्रवारी मी काम करते त्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंनी ती तपासली. ही बाहेरची मूळव्याध. आपल्याकडे कोंब म्हणतात. तेथील शिरेत रक्त साकळते आणि त्याची गाठ होते.

३. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच जागा बधिर करून गाठ काढता येईल, नाहीतर आठ-पंधरा दिवसांत आपोआप जिरेल. दुसऱ्या दिवशी कामठीला यायचे होते, म्हणून मी जिरू देण्याचे ठरवले. हा निर्णय माझा होता.

४. कामठीपर्यंत बसमध्ये उभी राहून आले. तुमच्या आईंनी माझे पाय धुतले, कुंकू लावले आणि पंगतीत पाटावर बसवले.

५. पुरण वाढून झाल्यावर दुखणे एकदम थांबले. मला लगेच कळले की गाठ फुटली.

६. मी ताटावरून उठले. पंगतीतून मध्येच उठू नये हे मला माहीत आहे. मावशीने तिचा पदर माझ्या मागून धरला. आम्ही परसदारी गेलो आणि तिकडूनच हळदीकुंकू न घेता निघालो.

७. पाट उचलताना तुमच्याकडे काम करणाऱ्या कौशल्याबाई म्हणाल्या, "बाई, पाटाले रगत लागलं वं." मी तेव्हा परसदारीच होते. हे मला स्पष्ट ऐकू आले. तुमच्या आई त्यावर काय म्हणाल्या ते ऐकू आले नाही.

८. आता मावशीच्या भजनी मंडळात सांगितले जात आहे की मी विटाळशी असताना, माहीत असून, महालक्ष्म्यांपुढे कुमारिका म्हणून जेवायला बसले.

९. मी विटाळशी नव्हते.

अशा विषयावर मुलीने मुलाला लिहू नये, हे कोणी मला सांगण्याची गरज नाही. मी पॅथॉलॉजी लॅबोरेटरीत काम करते. दिवसभर लोकांचे रक्त आणि इतर जे काही बाटल्यांतून येते ते तपासते, तेव्हा या शब्दांची मला लाज राहिलेली नाही. खोटे बोलून देवीला बाटवणारी मुलगी, ही ओळख मात्र मला नको आहे. तुम्ही आईंना खरे काय ते सांगावे आणि त्यांनी ते चार जणींत बोलावे, एवढेच मागणे आहे. लग्नाचे तुमचे काय ठरते तो प्रश्न वेगळा.

उत्तर लॅबोरेटरीच्या पत्त्यावर पाठवावे. घरी मावशी पाकिटे उघडत नाही, पण पाकीट आले हे शेजारी कळते.

उत्तरा सगदेव

---

कामठी
शनिवार, २७ सप्टेंबर १९७५

कु. उत्तरा यांना,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, मुले गेल्यावर. एवढ्या स्पष्टपणाची मला सवय नाही. त्याबद्दल तक्रार करत नाही.

परंतु एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी, किंवा असावी, हे मला ठरवता येत नाही. तुमच्या मावशी १७ तारखेला, बुधवारी, आमच्याकडे येऊन गेल्या. खण, नारळ आणि तांदूळ घेऊन आल्या होत्या. माझी आई आणि तेव्हा आमच्याकडे असलेली आत्या या दोघींसमोर त्यांनी सांगितले की पोरीला ताटावर बसल्यावर अचानक अडचण आली, तिला आधी कळलेच नाही, आता पदरात घ्या. त्या आईच्या पाया पडल्या. वयाने त्या मोठ्या आहेत. मला ते बघवले नाही आणि मी बाहेर गेलो. नंतर आईने गुरुजींना विचारून घर शुद्ध करून घेतले, देवीची पुन्हा ओटी भरली आणि विषय संपवला.

म्हणजे एकाच घटनेची दोन कारणे माझ्यापुढे आहेत, आणि दोन्ही तुमच्याच घरातून आलेली. तुमच्या मावशींनी तुम्हाला लहानपणापासून वाढवले. त्यांनी देवीसमोर येऊन जे सांगितले ते खोटे मानायचे काय?

स्पष्ट लिहिल्याबद्दल राग मानू नये. मूळव्याध म्हटले की गांधीबागेत दिवसभर गादीवर बसून कापड विकणारे शेटजी डोळ्यांपुढे येतात. चोवीस वर्षांची मुलगी येत नाही. एका डॉक्टर मित्राला मी नाव न घेता विचारले. तो हसला आणि म्हणाला, मुलीकडचे काहीतरी दडवत असतील. मलाही एक शंका आली, ती दडवत नाही. दुखणे काही तिसरेच असेल, आणि तुम्ही दोघी ते दोन वेगळ्या गोष्टींनी झाकत असाल.

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पाठवू शकाल तर माझे काम सोपे होईल. याचा अर्थ तुमच्यावर अविश्वास असा घेऊ नये.

कृष्णकांत देवपुजारी

---

रामदासपेठ
बुधवार, १ ऑक्टोबर १९७५

श्री. कृष्णकांत यांस,

मावशी तुमच्याकडे आली होती हे मला माहीत नव्हते. त्या बुधवारी ती रामटेकला जाते म्हणाली होती.

तुमचे पत्र आले त्या संध्याकाळी तिला विचारले. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, गेले होते. खोटे का बोललीस म्हटल्यावर तिने सुपातले खडे बाजूला काढले. मग म्हणाली, "अगं बाई, विटाळ चार दिवसांत सुटतो. मूळव्याध लागली म्हटलं की पोरीला कोण करतं? उद्या म्हणतील, हिच्या आईलाही असेल, म्हणूनच गेली."

माझी आई विषमज्वराने गेली हे तिला माझ्याइतकेच माहीत आहे. मी तसे म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या त्या काचेतून सारं दिसतं, लोकं दिसत नाहीत. माझ्या पाया पडण्यानं काय झिजलं? पाय त्यांचे, डोकं माझं. तू काहून मध्ये पडून राहिली?"

तिला वाटते की दोन दोषांपैकी हलका दोष तिने माझ्यासाठी निवडला. तो माझ्या वतीने निवडण्याचा तिला अधिकार नव्हता. पण तिच्यावर रागवायला गेले की ती देवळात निघून जाते. मंडळात तिने जाणे सोडले आहे. देवळातही मागे भिंतीशी एकटीच बसते.

आता तुमच्या शेटजींविषयी. त्यांना मूळव्याध होते ती पुष्कळ बसल्यामुळे, कमी हालचालीमुळे आणि मलावरोधामुळे. गादीमुळे नव्हे. ज्याला शौचाच्या वेळी कुंथावे लागते त्या कोणाच्याही तेथील शिरांवर दाब येतो. वय लागत नाही. बाळंतपणात बायकांना होते. तिखट खाल्ल्याने होते असे म्हणतात. तिखटाने आग होते, गाठ होत नाही.

माझ्या बाबतीत कारण मला नेमके सांगता येते. लॅबोरेटरी पहिल्या मजल्यावर आहे. तेथे काम करणारे बाकी सगळे पुरुष. संडास मागच्या अंगणात, खालच्या शिंप्याच्या दुकानाशी सामाईक, आणि त्याच्या दाराला आतून कडी नाही. मालकांना मी दोनदा सांगितले. ते म्हणाले, एका बाईसाठी सुतार कुठे बोलावू. म्हणून मी सकाळी घरून निघाल्यावर पाणी पीत नाही. नागपूरच्या मे महिन्यातही नाही. जायची वेळ आली की दाबून धरते. दोन वर्षांत त्याचे जे व्हायचे ते झाले.

उपचार असा. दिवसातून दोन-तीन वेळा पसरट टबात सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बसायचे. पाणी भरपूर प्यायचे. इसबगोल, पपई, पालेभाज्या. कुंथायचे नाही. संडासात जास्त वेळ बसायचे नाही. फुटलेली जागा स्वच्छ ठेवायची. मावशी सुरणाची भाजी करते, ती मी खाते, कारण भाजी म्हणून ती चांगली आहे. जखम भरली आहे. गेल्या आठवड्यात मी स्वतः सुतार आणला, आणि दाराला कडी आहे.

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी माझ्यापाशी आहे. ती पाठवत नाही. ती पाहून तुम्ही ज्यांच्यावर विश्वास ठेवाल त्या डॉक्टरीणबाई असतील. त्यांचे लग्न झालेले आहे.

आणखी एक. तुमच्या पाकिटाची तीन बाजूंची चिकटण डिंकाची होती. झाकणाची मात्र वेगळी दिसली. त्यावर मी आयोडीनचा थेंब टाकला. तो निळा झाला. म्हणजे ते भाताच्या पेजेने चिकटवले होते. तुमच्या कॉलेजात डिंक असणार. तुमचे पत्र टपालात पडण्याआधी घरात कोणी उघडले, याचा विचार करावा.

उत्तरा

---

कामठी
सोमवार, ६ ऑक्टोबर १९७५

कु. उत्तरा यांना,

पाकिटाविषयी. मी ते डिंकाने बंद करून भिंतीतल्या देवळीत ठेवले होते, सकाळी कौशल्या येता-जाता टपालपेटीत टाकते. आमच्या घरी दुसऱ्याचे पत्र कोणी उघडत नाही. हल्ली टपालातच पत्रे वाचतात असे ऐकतो. दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे, अधिक लिहीत नाही. तुमच्या आयोडीनने माझी झोप गेली, हे मात्र खरे.

मुख्य विषय. मी तुमच्यावर विश्वास ठेवला आहे असे समजा. तुमच्या पत्रातली कडी नसलेल्या दाराची गोष्ट कोणी बनवून सांगणार नाही असे मला वाटते.

मी आईपाशी विषय काढून पाहिला. म्हटले, कदाचित ते तसे नसेल, काही दुखणे असेल. मी पुढे बोलण्याआधीच ती म्हणाली, "पुरुषांनी यात पडू नये," आणि देवघरात गेली. तिचे सोवळे फार कडक आहे हे तुम्ही पाहिलेच. तिच्या पाटाला, तिच्या पाटावरच्या घडीला आम्ही कोणी हात लावत नाही. माझ्या वडिलांनाही ती हात लावू देत नसे. अशा बाईला विटाळाचा किती त्रास झाला असेल याची कल्पना करा. आणि तरी तिने तुम्हाला क्षमा केली आहे. परवा आपण होऊन म्हणाली की दसऱ्यानंतर साखरपुडा उरकून टाकू. आत्याने नाक मुरडले तर आई तिच्यावरच चिडली.

म्हणून माझी विनंती अशी. जे झाले ते लोकांना जसे माहीत आहे तसेच राहू द्या. शुद्धी झाली आहे. मुलीला नकळत अडचण आली, यात कोणी तुमचा गुन्हा मानत नाही, दोन वर्षांत लोक विसरतील. त्याऐवजी आता मूळव्याधीचे काढले तर तुमच्या मावशी देवीसमोर खोटे बोलल्या असे होईल, आणि माझ्या आईने उगाच शुद्धी केली असे होईल. खरे काय ते आपल्या दोघांना माहीत असले म्हणजे पुरे नाही काय?

तुमचा होकार आला की मी आईला तारीख काढायला सांगतो.

कृष्णकांत

---

रामदासपेठ
गुरुवार, ९ ऑक्टोबर १९७५

श्री. कृष्णकांत यांस,

"असे समजा" हे शब्द काढून तुम्हाला ते वाक्य लिहिता आले असते. तुम्ही काढले नाहीत.

पुरे नाही. जी चूक मी केली नाही तिची क्षमा घेऊन मी तुमच्या घरात आले, तर दरवर्षी महालक्ष्म्या येतील. दरवर्षी कोणी तरी तारखा मोजेल, कोणी माझा पाट उचलून बघेल. तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल. मावशी माझ्या माहेरची म्हणून येईल आणि भिंतीशी बसेल. आणि कधी तरी भांडणात तुम्हीच म्हणाल की तू असे सांगत होतीस, पण मावशी तर तसे म्हणाल्या होत्या. त्या वेळी आपल्या दोघांना माहीत असलेल्या खऱ्याचे काय होईल ते मला आताच दिसते.

तुम्ही माणूस वाईट आहात असे मी म्हणत नाही. पहिल्या दोन भेटींनंतर मी विचार करून होकार दिला होता आणि तो मी सहसा कोणाला देत नाही.

मी विटाळशी नव्हते हे तुमच्या घरातल्या कोणी तरी तुमच्या आत्यांसमोर आणि माझ्या मावशीसमोर उघड म्हटले पाहिजे. ते होत नसेल तर साखरपुड्याची तारीख काढू नये.

उत्तरा

---

कामठी
सोमवार, १३ ऑक्टोबर

उत्तरा,

उद्या दसरा. घरात सारी आवराआवर चालू आहे, त्यातच लिहून राहिले. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, चुका काढू नको. हे पत्र कौशल्येजवळ देते. कृष्णाला ठाऊक नाही.

त्याची तुला गेलेली पत्रं मी उघडली. तुझी त्याला आलेली पण वाचली. त्याच्या पुस्तकात ठेवतो तो, लपवायची अक्कल नाही. पेज माझीच होती. तू कसं ओळखलंस देव जाणे. मला वाटलं होतं पोरगी रंगवून सांगत असेल, तर बघावं. पण तू काही रंगवलं नाहीस.

आता जे लिहिते ते कोणाला बोलले नाही. कृष्णाच्या बाबांना पण नाही.

कौशल्येनं पाट दाखवला तेव्हाच मला कळलं. विटाळाचा डाग कुठं पडतो नि हा कुठं पडतो, ज्या बाईच्या पाटावर दोन्ही पडले तिला सांगावं लागत नाही. कृष्णाच्या वेळेपासून मला हेच आहे. आधी कोंब यायचा, जायचा. आता कित्येक वर्षं दुखत नाही फारसं, पण रक्त जातं. कधी थेंब, कधी धार. मी जाड लुगड्याची घडी करून पाटावर घालते, नि पाट माझा मीच धुते, कोणाला शिवू देत नाही. लोकं म्हणतात यमुताईचं सोवळं कडक. म्हणू दे म्हटलं. बरंच झालं.

मग तेव्हा काहून बोलले नाही म्हणशील. कौशल्या बोलली तेव्हा नणंद तिथंच उभी होती. हा विटाळ नाही म्हटलं असतं तर ती लगेच म्हणाली असती, तुला कसं ठाऊक वहिनी. तिचा स्वभाव तुला माहीत नाही, साऱ्या कामठीत डंका पिटते. म्हणून गप्प राहिले. वाटलं दोन दिवसांत निवेल. तर चौथ्या दिवशी सिंधूताईच आल्या नि आपणहून कबूल झाल्या. मी सुटले. त्या पाया पडायला वाकल्या तेव्हा मी पाय मागे घेतले, तेवढंच केलं. त्यांना वाटलं मी शिवून घेत नाही.

तू कृष्णाला उपचार लिहिला आहेस, पण त्यात गरम पाण्यात किती वेळ बसायचं ते नाही. त्यात मीठ टाकायचं का? नागकेशर लोण्यातून घेऊन झालं, सुरण झाला, कोणी सांगितलं म्हणून कमरेला काळा दोरा पण बांधला. दिवाळीचं सारं करायचं आहे नि माडीवर गेले की धाप लागते, डोळ्यापुढं अंधारी येते. तेवढं लिहून पाठव. पत्र कौशल्येच्या नावानं टाक, तिच्या पोराजवळून ती आणेल.

तुला सून करून घ्यायची माझी तयारी आहे, कृष्णाला मी सांगते. पण हे माझं कोणाला बोलू नको. पत्र फाडून टाक.

यमुताई

---

रामदासपेठ, नागपूर
गुरुवार, १६ ऑक्टोबर १९७५

यमुताईंस,

तुमचे पत्र फाडले नाही. या पाकिटात परत पाठवत आहे. माझ्यापाशी ठेवले असते तर एखाद्या दिवशी ते कृष्णकांतांना दाखवावेसे वाटले असते, आणि मला त्याची खात्री देता येत नाही. म्हणून ते तुमच्याच हातात राहू द्या. त्याची नक्कल मी केलेली नाही. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या शब्दाविषयी गेला महिनाभर तुमच्या घरात हेच चालले आहे.

पत्र वाचल्यावर आधी राग आला. तो लिहीत बसत नाही. तुम्हाला पहिल्या क्षणी कळले होते, आणि तरी माझ्या मावशीला तुम्ही वाकू दिले. पाय मागे घेतलेत ते शिवून घ्यायचे नाही म्हणून, असेच तिने मानले. तेव्हापासून ती घरातही पूजेची भांडी माझ्याकडून उचलून घेते, स्वतः हात लावत नाही. खोटे आपण बोललो, देवी बघत होती, असे तिला वाटते.

पाण्यात किती वेळ बसायचे हे मी तुम्हाला लिहिणार नाही. लिहिले तर तुम्ही तेवढेच कराल आणि थांबाल. माझी गाठ बाहेरची होती, दुखली, फुटली, भरली. त्याला पाणी पुरले. तुमचे तसे नाही. न दुखता वर्षानुवर्षे रक्त जाते ते बहुधा आतल्या मूळव्याधीचे असते, पण "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. आणखी काही दुखण्यांत, आतड्याच्या वाईट दुखण्यातही, असेच रक्त जाते आणि बाहेरून फरक कळत नाही. तुम्ही स्वतःच ठरवलेत की ही मूळव्याध आहे, आणि इतकी वर्षे कोणी तपासलेले नाही. डॉक्टरांनी बोट घालून आणि नळीने आत पाहिल्याशिवाय ते कोणालाही सांगता येत नाही. मलाही नाही.

धाप आणि अंधारी याचे कारण मात्र मला माहीत आहे असे वाटते. तुम्ही माझ्या पायांवर पाणी घातलेत तेव्हा तुमचे तळहात मी पाहिले होते. ते कागदासारखे पांढरे होते, अंगातले रक्त फार कमी झाल्याची ती खूण. मी तेव्हा बोलले नाही. मुलगी पाहणाऱ्या घरच्या बाईला असे काही सांगायचे नसते, असे मलाही वाटले. तो गप्पपणा माझा होता, आणि तो तुमच्यापेक्षा फार वेगळा नव्हता.

सोमवारी, २७ तारखेला, सकाळी आमच्या लॅबोरेटरीच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई तुम्हाला तपासतील. मी त्यांच्याशी बोलले आहे, नाव सांगितलेले नाही. त्या वयस्क आहेत, मराठी बोलतात, आणि खोलीत दुसरे कोणी नसेल. तुम्हाला हवे असेल तर मी तुमच्या डोक्याशी उभी राहीन. रक्त मी स्वतः काढीन आणि मीच तपासीन. कौशल्याबाईंना बरोबर आणावे. घरी काय सांगायचे ते तुमच्यावर. इथे आल्यावर गरज पडली तर खाली संडास आहे, त्याला कडी आहे.

या तपासणीला कोणतीही अट नाही. पुढचे काहीच तुम्ही केले नाही तरी २७ तारखेला यावे.

दुसरी गोष्ट वेगळी आहे. मावशीकडे तुम्ही स्वतः यावे आणि तिला म्हणावे की पोर विटाळशी नव्हती, मला माहीत होते. कसे माहीत होते ते सांगितले नाही तरी चालेल. ती विचारणार नाही, तिला माणसे कळतात. कृष्णकांतांनाही हेच वाक्य तुमच्याच तोंडून ऐकू द्या. माझ्याकडून त्यांनी ते पुष्कळ वेळा ऐकले आहे. तुमच्या नणंदेला सांगण्याचा हट्ट मी सोडते. तिला सांगायचे तर तुम्हाला तुमचेच उघड करावे लागेल, आणि ते मी कोणाकडून मागू शकत नाही. कृष्णकांतांना मी लिहिले होते की उघड म्हटले पाहिजे. त्या वेळी मला हे माहीत नव्हते.

सून करून घ्यायची तयारी आहे, असे तुम्ही लिहिलेत. त्याचे उत्तर मी तुम्हाला देणार नाही, कृष्णकांतांना देईन, आणि तेही त्यांनी तुमच्याकडून ऐकल्यानंतर. उत्तर काय असेल ते मला आज माहीत नाही.

रोज पाणी भरपूर प्या आणि उपवास धरू नका. एवढे निर्धोक आहे, म्हणून लिहिते. वेळ राखून ठेवण्यासाठी डॉक्टरीणबाईंना नक्की सांगावे लागेल. तरी सोमवारी येता की नाही, एवढे मला बुधवार, २२ ऑक्टोबरपर्यंत कळवावे.

उत्तरा सगदेव